परीक्षेला न बसता अठ्ठ्याऐंशी

"बाई, मी तर परीक्षेला आलेच नव्हते!"

पाहुणीने हे इतक्या आनंदात सांगितलं, की त्यात काही वावगं आहे हे बाईंना आधी कळलंच नाही. बुधवारचा वर्ग नुकताच सुटला होता, डब्यातला पहिला घास आत्ता कुठे हातात आला होता, आणि ‘मी आत येऊ का?’ हे एकच वाक्य दुपारभर अठ्ठावीस जणांकडून वदवून घेऊन त्यांचं डोकं भणभणत होतं. पाहुणी त्यांच्याच वर्गातली. आठवड्यातून दोन दिवस उगवायची आणि उरलेले दिवस कुठल्या ना कुठल्या नातलगाकडे असायची, म्हणून वर्गाने तिला हे नाव ठेवलं होतं.

"परीक्षेला नव्हतीस, मग?"

"मग काय! सूचनाफलक बघा ना. उद्याच्या मुलाखतीला तिघांना बोलावलंय, त्यात माझं दुसरं नाव. अठ्ठ्याऐंशी गुण! अहो, त्या दिवशी मी मावसबहिणीच्या लग्नात मिरवत होते."

आणि हसत हसत ती निघूनही गेली. बाईंनी घास डब्यात परत ठेवला.

ह्या नोकरी-प्रशिक्षण केंद्रात बाईंना एकोणीस वर्षं झाली होती. खाली सायकलदुरुस्तीचं दुकान, वर जिन्याला लागून एक लांबट खोली, खोलीत चौदा संगणक, त्यांतले अकरा चालणारे. सकाळी शीट शिकवायची: कॉलम, ओळी, बेरजा. दुपारी मुलाखत शिकवायची: दार कसं वाजवायचं, खुर्चीत किती टेकायचं, हातांचं काय करायचं. त्यासाठी बाईंनी बावीस उत्तरांची एक पुस्तिकाच तयार केली होती आणि ती त्या सगळ्यांकडून घोकून घेत. ‘तुमचा दोष कोणता?’ याचं नववं उत्तर तर खालच्या सायकलवाल्यालाही पाठ होतं: ‘हाती घेतलेल्या कामात मी स्वतःला फार वाहून घेतो, हाच माझा दोष.’ सुरुवातीला हे उत्तर शिकवताना बाईंना स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटायचं. आता फक्त जांभई यायची.

त्या उठून फलकापाशी गेल्या. संचालकांनी तो कागद सोमवारीच लावला होता. बाई तीन दिवस त्याच्यासमोरून ये-जा करत होत्या, पण मान वर करून वाचायचं त्राण कुणात होतं? पहिलं नाव होतं रेडिओचं, गुण एक्याण्णव. रेडिओ म्हणजे तेवीस वर्षांचा एक पोरगा, ज्याला बेरजेचं सूत्र लिहायला सांगितलं तर तो आयुष्यात सूत्राचं महत्त्व किती यावर बोलत बसे. त्याला एक्याण्णव? दुसरी पाहुणी. तिसरा होता शिंपीकाम सोडून आलेला एक तिशीतला गृहस्थ, त्र्याऐंशी. तेवढं एक खरं वाटत होतं.

बाईंनी संगणकावर ती फाइल उघडली आणि शेजारी तपासलेले पेपर घेऊन बसल्या. पाचव्या पेपरलाच त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

त्याचं असं झालं होतं. फाइलमध्ये तीनच कॉलम होते: क्रमांक, नाव आणि गुण. गेल्या शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीआधी संचालकांनी दारातून डोकं आत घातलं होतं, "बाई, कंपनीला नावं आद्याक्षरांप्रमाणे हवीत, दहा मिनिटांत पाठवा." बाईंनी नावांचा कॉलम निवडला आणि सॉर्ट दाबलं. शेजारचे कॉलमही सोबत हलवू का, असं शीटने विचारलं असणार. ते नेहमीच विचारतं. आणि डोळ्यांवर झापड आलेल्या बाईंनी ‘नको’ म्हटलं असणार. नावं शहाण्या मुलांसारखी क्रमाने लागली, गुण मात्र जिथल्या तिथे राहिले. केंद्राच्या नियमाप्रमाणे, मुलाखतीला बोलावलेले सोडून बाकीच्यांचे गुण मुलांना सांगायचे नसत, ते थेट कंपनीला जात. त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही.

ह्या एका चुकीवर बाई दर तुकडीत अख्खा तास खर्च करायच्या. ‘आधी सगळं निवडा, मग सॉर्ट करा’ हे वाक्य फळ्याच्या कोपऱ्यात लाल खडूने कायमचं लिहिलेलं होतं आणि ‘पुसू नये’ अशी त्याखाली ताकीदही होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

त्यांनी पेपर उलटे-सुलटे करून एक्याण्णव शोधले. ते होते हळूबाईचे. मग कंपनीला गेलेल्या यादीत हळूबाईच्या नावासमोर बोट नेलं. तिथे पाहुणीच्या वाट्याचा शब्द येऊन बसला होता: ‘गैरहजर’.

हळूबाईच्या जागी दुसरं कुणीही असतं तर बाईंना इतकं लागलं नसतं. हे नाव तिला बाईंनीच दिलं होतं, कारण ती बोलायची ते तिच्या तिलाच ऐकू यायचं. वय चौतीस. आजारी वडिलांचं अंथरुणावर सगळं करण्यात तिची अकरा वर्षं गेली, आणि वडील गेल्यावर ती ह्या वर्गात येऊन बसली. शीटमध्ये तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण मुलाखतीच्या सरावात ‘अकरा वर्षं काय करत होतात?’ हा प्रश्न आला, की तिथेच घोडं पेंड खायचं. सतराव्या उत्तरात बाईंनी लिहून दिलेलं ‘कौटुंबिक जबाबदाऱ्यांमुळे’ हे वाक्य तिच्या ओठांपर्यंत यायचं आणि तिथेच थांबायचं. औषधांचं गोदाम चालवणारी ही एकच कंपनी तिशीपुढच्या माणसांना घ्यायची, तीही पस्तिशीच्या आत. हळूबाईला पुढच्या महिन्यात पस्तीस वर्षं पूर्ण होणार होती. जागा एक होती, आणि तिच्यासाठी तरी ही शेवटची होती.

ती अजून गेली नव्हती. वर्ग सुटल्यावर तासभर खिडकीजवळच्या संगणकावर सराव करायचा, हा तिचा नेम होता.

"फलक बघितलास?" बाईंनी विचारलं.

"सोमवारीच."

"मग?"

"पाहुणीचं नाव बघितलं. ती तर आलीच नव्हती. म्हणजे नुसता नावांचा कॉलम सॉर्ट झाला असणार." पंख्याच्या आवाजात तिचं बोलणं ऐकायला बाईंना वाकावं लागलं.

"अगं, मग बोलली का नाहीस? दोन दिवस गप्प बसलीस?"

हळूबाईने कीबोर्डवरचे हात मांडीवर घेतले. "आधी वाटलं, चूक झाली. मग वाटलं, बाई कशा चुकतील? रोज हेच तर शिकवतात. म्हटलं, मुद्दाम केलं असेल. मला तोंडी काही येत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. म्हणून बोलणारा माणूस पुढे काढला असेल."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर बाईंना तोंड उघडता आलं असतं, चार शब्द सुनावता आले असते. तीन महिने जिच्या मागे ‘बोल, बोल’ म्हणून लागलो, तिने आपल्याला असं ओळखलं, ह्याची त्यांना लाज वाटली. "उद्या सकाळी नऊला इथे ये," एवढंच त्या म्हणाल्या आणि संचालकांच्या खोलीकडे वळल्या.

संचालकांना सगळे घड्याळसाहेब म्हणत. समोरचा माणूस बोलायला लागला की ते मनगट बघत. बाईंचं बोलणं मात्र त्यांनी मनगट न बघता ऐकून घेतलं. ते काही चांगलं लक्षण नव्हतं.

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"मला आणि तिला."

"ती बोलणार आहे?"

"ती कधी बोलते?"

"मग झालं तर. बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. नोकरी आपल्याच केंद्रातल्या कुणाला तरी मिळणार ना? आपला नोकऱ्या लावल्याचा आकडा तोच राहतो. आता फोन करून सांगायचं, की आमच्या शीट शिकवणाऱ्या बाईंना शीट येत नाही? उद्या कोण बोलावेल आपल्या मुलांना?" मग त्यांनी मनगट बघितलं. "तुमचा करारही ह्याच महिन्यात संपतोय. मी आपलं आठवण करून दिली."

बाईंनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. पायांत गोळे आले होते आणि घरी जायचं होतं.

घरी यजमान पेपर उघडून बसले होते, हातात लाल पेन्सिल. आयुष्यभर त्यांनी एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासली होती. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी रोजच्या पेपरातल्या चुकांभोवती गोल केल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. बाईंनी पिशवी खाली ठेवली आणि चप्पलही न काढता सगळं सांगून टाकलं.

"आमच्याकडे एकदा," यजमान पेपरवरची नजर न काढता म्हणाले, "निधनवार्तेत नाव एकाचं आणि फोटो दुसऱ्याचा छापला. दुसरा धडधाकट जिवंत. सकाळी अकराला कचेरीत हजर!"

"भांडला?"

"नाही ना. तेच तर वाईट. खुर्चीत बसला आणि म्हणाला, मी जिवंत आहे, एवढं लिहा. संपादक म्हणे, शुद्धिपत्रं वाचतो कोण? पण अगं, तो माणूस तर वाचणार होता. आम्ही छापलं. बारीक अक्षरात का होईना, छापलं."

"आणि माझं काम गेलं म्हणजे?"

"मग घरी बस. पेपरातल्या चुका मला एकट्याला आवरत नाहीत हल्ली."

बाईंना हसू आलं, आणि त्या हसण्याबरोबर डोळ्यांत पाणीही आलं. यजमानांनी ते बघितलं नाही, किंवा बघून एका काना-मात्रेभोवती गोल केला.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता केंद्राच्या जिन्यात उभं राहून त्यांनी कंपनीच्या गोदाम-अधिकाऱ्याला फोन लावला. यादी चुकली आहे, पहिला नंबर दुसऱ्याच बाईचा आहे, असं सांगितलं. पलीकडून एकच प्रश्न आला.

"चूक कुणाची?"

तोंड उघडण्याआधी बाईंना पुस्तिकेतली बावीसही उत्तरं आठवली. त्याच धर्तीवर आणखीही सुचली: संगणक जुने आहेत, वेळ कमी होता, वरून आदेश होता. ती सगळी तशी खरीही होती.

"माझी," त्या म्हणाल्या.

"माझ्या गोदामात असं झालं तर काय होईल, माहीत आहे? मुदत संपलेलं औषध ताज्याच्या तारखेवर बाहेर पडेल."

"हो."

"खरी यादी कागदावर घेऊन या. बोलावलेल्या तिघांना मी परत पाठवणार नाही. मध्ये वेळ मिळाला तर तुमच्या त्या बाईंना बघतो. खऱ्या यादीत दुसरं कोण आहे?"

"तिला गेल्या आठवड्यात एका दुकानात काम लागलं. तिसरे शिंपी, ते नशिबाने आपल्याच गुणांसमोर राहिले."

"नशिबाने," अधिकारी म्हणाला आणि फोन ठेवला.

गोदामाच्या कचेरीत खोक्यांच्या थप्पीला लागून एक बाकडं होतं आणि त्यापुढे प्लायवूडचं विभाजन. ते छतापर्यंत पोचलेलं नव्हतं, त्यामुळे आतलं बोलणं बाहेर स्वच्छ ऐकू यायचं. बाकावर मेहुण्याचा कोट घालून रेडिओ बसला होता. बाह्या बोटांपर्यंत आल्या होत्या. बाईंना आणि त्यांच्यामागून आलेल्या हळूबाईला बघून तो उभा राहिला.

"बाई, आईने अख्ख्या आळीला सांगितलं, आमचा पहिला आला म्हणून!"

बाईंना वाटलं, आत्ता नको. पण यादी हातातच होती. त्यांनी त्याला खोक्यांच्या मागे नेलं आणि सांगितलं. एक्याण्णव त्याचे नव्हते. त्याचे अडतीस होते. चूक बाईंची होती, त्याची काही नव्हती.

रेडिओ बंद पडला. मग खाली बघत तो म्हणाला, "आत जाऊन आल्यावर सांगायचं होतंत, बाई." आणि पुन्हा बाकावर जाऊन बसला, कडेला, हळूबाईला जागा सोडून.

शिंपी आत गेले आणि पंधरा मिनिटांनी बाहेर आले. रेडिओ सहा मिनिटांत आला. बाराला पाहुणीचं नाव पुकारलं. पाहुणी आलीच नव्हती. जिने परीक्षा दिली नाही ती मुलाखत कशाला देईल? रिकामी वेळ हळूबाईच्या पदरात पडली. ती उठली तेव्हा बाईंनी तिला काही सूचना करायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"तुमच्या नावापुढे गैरहजर लिहिलं होतं," आतून अधिकाऱ्याचा आवाज आला. "आता एक्याण्णव आहेत. बरं. अकरा वर्षं काय करत होतात?"

बाई बाकावर बसून समोरची खोकी मोजायला लागल्या. सात झाली, आठ झाली. ‘कौटुंबिक जबाबदाऱ्यांमुळे’, त्या मनातल्या मनात म्हणाल्या, म्हण गं बाई. चौदा झाली.

"वडील अंथरुणावर होते," हळूबाई म्हणाली. हळूच, पण बाहेर ऐकू आलं. "दिवसाला अकरा औषधं. कधी कुठलं दिलं, किती दिलं, पाणी किती प्यायले, ताप किती होता, सगळं वहीत लिहायचे. ओळी आखून. अशा छत्तीस वह्या झाल्या. डॉक्टर यायचे ते आधी वही मागायचे, मग वडिलांना बघायचे."

आत कागद उलटल्याचा आवाज आला.

"तुमचा दोष कोणता?"

आता नववं उत्तर येणार, म्हणून बाईंनी डोळे मिटून घेतले.

"मला चूक लगेच दिसते. पण मी सांगत नाही. ही यादी चुकलीय, हे मला सोमवारी कळलं होतं. मी गप्प बसले. बाईंनी विचारलं नसतं, तर आजही गप्पच बसले असते."

"इथेही गप्प बसलात तर माणसं मरतील."

"हो. म्हणून तर सांगितलं."

ती बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता. "कळवतो म्हणाले," ती म्हणाली. ‘कळवतो’ म्हणजे काय, हे एकोणीस वर्षांत बाईंना पुरतं कळलं होतं. दोघी चालत परत आल्या.

आठव्या दिवशी केंद्रात फोन आला. हळूबाईला एक तारखेपासून घेतलं होतं. अधिकाऱ्याने बाईंना फोनवर बोलावून घेतलं. "एक विचारू? तुमच्या परवाच्या दोघांनी एकच दोष सांगितला. गेल्या वर्षीच्या चौघांनीही तोच. कामात फार वाहून घेतो. तुमच्याकडे सगळे असेच वाहणारे येतात का?"

फोन ठेवून बाईंनी पुस्तिका उघडली, नवव्या उत्तरापाशी.

हळूबाई पेढेबिढे घेऊन आली नाही, भाषणही केलं नाही. जाताना फळ्यावरच्या लाल ओळीपाशी थांबली, पुसट झालेली दोन अक्षरं खडूने नीट गिरवली आणि गेली. घड्याळसाहेबांनी बाईंचा करार वाढवला, पण अकराऐवजी तीन महिन्यांसाठी. "बघू पुढे," ते मनगटाला म्हणाले.

नवी तुकडी सुरू झाली. तीच खोली, तेच अकरा संगणक, अठ्ठावीसच्या जागी एकतीस माणसं. बाईंनी पुस्तिकेतलं नवव्या उत्तराचं पान फाडून टाकलं, पण त्याजागी काय लिहायचं हे त्यांना सुचलं नव्हतं. बाईंना पूर्वीपेक्षा जास्तच थकायला होत होतं. घोकून घ्यायला डोकं लागत नाही, ऐकून घ्यायला लागतं.

रेडिओने पुन्हा नाव घातलं होतं. आल्यापासून तो मागे बसायचा आणि बाईंशी कामापुरतंच बोलायचा. मुलाखतीच्या सरावाला पहिला कोण, असं विचारल्यावर कुणी उठेना, तेव्हा तोच उठला. बाहेर गेला, दार वाजवलं, आत येऊ का म्हणाला, येऊन वर्गासमोरच्या खुर्चीत बसला. बाईंनी चारदोन प्रश्न विचारले. मग सवयीने तोंडातून गेलं, "तुमचा दोष कोणता?"

नव्या मुलांनी पुस्तिकेची पानं चाळायला सुरुवात केली. रेडिओने पुस्तिका आणलीच नव्हती.

"ते एक्याण्णव माझे नाहीत, हे मला माहीत होतं, बाई," तो म्हणाला. "अर्धा पेपर मी कोराच सोडला होता. तरी घरी जाऊन आईला सांगितलं."

खाली सायकलवाल्याचा पंप सुस्कारे टाकत होता. बाईंनी हातातला पेन खाली ठेवला आणि इतक्या वर्षांत जे कुणालाही विचारलं नव्हतं, ते विचारलं.

"आणि नंतर? आईला खरं सांगितलंस?"

"नाही अजून," रेडिओ म्हणाला. "आधी इथे म्हणून बघतोय."